आठ फुटांच्या फळीवर मालगाडीचे शंटिंग: कोकणातील एका खत कारखान्याची सायडिंग

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घराच्या पडवीत भिंतीलगतच्या आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळीवर आपण एचओ (१:८७) प्रमाणातील रेल्वेचा नमुना उभा केला आहे. त्यावर एक डिझेल इंजिन, दहाएक मालवॅगन आणि तीन सायडिंग, म्हणजे बाजूला फुटून संपणाऱ्या लाइन, आहेत. गाडी पुढे-मागे नेण्यापलीकडे त्यावर काही घडत नाही, जागा वाढवता येण्यासारखी नाही, आणि जे घडेल ते कोकणातले वाटावे अशी आपली इच्छा आहे. आपल्याकडे आहेत तेवढे रूळ यासाठी पुरेसे आहेत. कमतरता आहे ती वॅगन हलवण्याच्या कारणाची. अमुक वॅगन कोणासाठी आली, तिच्यात काय भरायचे, ती कोणत्या जागी उभी राहणार आणि तिथून पुढे कुठे जाणार, हे एकदा ठरले की तीन सायडिंगवरचे काम एका संध्याकाळीत आटोपत नाही.

हे कारण कुठून आणायचे, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक नमुने इथेच फसतात. या छंदावरचे वाचनसाहित्य आणि चित्रफिती मुख्यतः अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या असतात. तिथे एक इंजिन दहा-बारा वॅगन घेऊन निघते आणि वाटेतल्या प्रत्येक गोदामाला एकेक वॅगन देत-घेत जाते. आपल्याकडेही एके काळी सुट्या वॅगनची अशी वाहतूक होती, पण १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वेने ती कमी करत आणली आणि पूर्ण रेक, म्हणजे वॅगनची अखंड गाडी, चालवण्याचे धोरण धरले. बंदिस्त बीसीएन वॅगनचा रेक साधारण चाळीस वॅगनचा, तर उघड्या बॉक्सएन वॅगनचा अठ्ठावन्नच्या आसपास असतो. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला, म्हणजे सुट्या वॅगनचा काळ सरल्यानंतर. त्यामुळे कणकवली किंवा खेडसारख्या स्थानकाचा नमुना करून त्यावर एक वॅगन काजूच्या गोदामाला आणि दुसरी कौलांच्या कारखान्याला सोडणारे इंजिन दाखवले, तर ते दिसायला कितीही सुबक असले तरी जाणकाराला खटकल्याशिवाय राहणार नाही.

कोलाड ते वेर्णा रो-रो सेवेचा मोह अनेकांना होतो. भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढवून नेणारी ही सेवा १९९९ पासून चालू आहे आणि ती कोकण रेल्वेची ओळखच झाली आहे. परंतु आपल्या कामासाठी मी ती सुचवणार नाही. ट्रक एका टोकाच्या रॅम्पवरून चढतात आणि वॅगनवरून वॅगनवर पुढे सरकत जातात, रेक मात्र जागचा हलत नाही. दृश्य म्हणून ते उत्तम असले, तरी शंटिंग म्हणून, म्हणजे वॅगन तोडून-जोडून त्यांची जागा बदलण्याचे काम म्हणून, त्यात फारसे काही उरत नाही. स्थानकाचा मालधक्का दाखवणे त्याहून बरे, कारण धक्क्याची लाइन आखूड असेल तर रेक दोन भागांत तोडून लावावा लागतो. पण आठ फुटांत तो अर्धा रेकही मावत नाही.

माझ्या मते आपण कारखान्याची खासगी सायडिंग करावी. मुख्य मार्गावर पूर्ण रेक चालत असला, तरी कारखान्याच्या आवारात तो तोडावाच लागतो, कारण भरण्याच्या जागा आखूड असतात, त्या एकापेक्षा अधिक असतात आणि प्रत्येक ठिकाणचे काम वेगळ्या वेगाने चालते. कोकणात याला भक्कम आधार आहे. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत मालवाहतुकीची स्वतंत्र शाखा जाते. थळची हुबेहूब प्रतिकृती आठ फुटांत होणार नाही आणि तसा आग्रहही धरू नये. पण कोकणपट्टीतला एक काल्पनिक खत कारखाना, त्याचे स्वतःचे शंटिंग इंजिन आणि रेल्वेशी वॅगनची देवघेव करण्याची एक लाइन, एवढे दाखवले तर आपल्या फळीवरची प्रत्येक हालचाल खऱ्या कामकाजाशी जुळते. फळीवर पाचच वॅगन आल्या तरी ते रेकमधले एक खंड आहे, बाकीचा रेक भिंतीपलीकडे उभा आहे, असे मानायला काहीच अडचण येत नाही.

आता आपल्या तीन सायडिंगना नावे देऊ. सर्वांत लांब ती एक्सचेंज लाइन, जिथे रेल्वे रिकाम्या वॅगन आणून ठेवते आणि भरलेल्या घेऊन जाते. दुसरी बॅगिंग प्लँटच्या धक्क्याची, जिथे युरियाची पोती भरतात. तिसरीच्या बफरकडील, म्हणजे लाइन जिथे संपते त्या, टोकाला अमोनियाची टाकी-वॅगन भरण्याची जागा ठेवावी आणि अलीकडचा भाग सिक वॅगनसाठी, म्हणजे सदोष ठरवून बाजूला काढलेल्या वॅगनसाठी राखावा. तिन्ही लाइन जिथे एकत्र येतात तिथून पुढे जाणारा एकेरी तुकडा म्हणजे शंटिंग नेक. वजनकाटा या नेकवर बसवा, म्हणजे भरलेली प्रत्येक वॅगन बाहेर पडताना त्यावरून गेल्यावाचून राहणार नाही.

लांबीचे गणित काटेकोर असले पाहिजे, कारण कामाची सगळी गंमत त्याच्यावर अवलंबून आहे. ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टाने लोकप्रिय केलेली इंगलनुक ही रचना आपल्याला थेट उपयोगी पडते. एक सायडिंग पाच वॅगनची, दोन सायडिंग तीन-तीन वॅगनच्या, आणि नेकमध्ये इंजिनासह फक्त तीन वॅगन मावतील एवढीच जागा. एकूण आठ वॅगन ठेवून त्यांपैकी पाच ठरावीक क्रमाने लावायच्या म्हटले, तर ६,७२० निरनिराळे क्रम संभवतात. खऱ्या बीसीएन वॅगनची लांबी १५.४२९ मीटर, म्हणजे १:८७ प्रमाणात १७७ मिलिमीटर होते. डब्ल्यूडीएम वर्गाचे सुमारे १७.१ मीटरचे इंजिन १९६ मिलिमीटरचे होते. त्यानुसार नेक ७२७ मिलिमीटर, लांब सायडिंग ८८५ आणि आखूड सायडिंग ५३१ मिलिमीटरची लागेल. मध्यम त्रिज्येचा पॉइंट, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो तो सांधा, साधारण २२० मिलिमीटर जागा घेतो. फाउलिंग मार्कपर्यंत (शेजारच्या लाइनला अडथळा न होता वॅगन उभी राहू शकते त्या मर्यादेपर्यंत) सोडायची जागा आणि टोकाचे बफर धरूनही हे सगळे आपल्या २,४३८ मिलिमीटरच्या फळीत बसते. नेक आहे त्यापेक्षा लांब करण्याचा मोह टाळावा. तिथे चौथी वॅगन मावू लागली, की निम्मे कोडे आपोआप सुटते आणि विचार करण्यासारखे काही उरत नाही.

वॅगनच्या हालचाली ठरवण्यासाठी पत्त्यांची पद्धत वापरा. प्रत्येक वॅगनचा एक जाड कागदाचा पत्ता करावा, त्यावर वॅगनचा प्रकार आणि क्रमांक लिहावा, आणि खाली एक खिसा चिकटवावा. भारतीय वॅगनचा क्रमांक अकरा आकड्यांचा असतो. त्यातले पहिले दोन आकडे प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार त्या वॅगनचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा पडताळणीचा अंक दर्शवतात. पत्त्यावर शेवटचे पाच आकडे लिहिले तरी भागते. खिशात एक चिठ्ठी घालायची, जिच्या चार बाजूंवर चार टप्पे लिहिलेले असतील. पहिला टप्पा: रिकामी वॅगन एक्सचेंज लाइनवर, तपासणी व्हायची आहे. दुसरा: तपासणीत पास, बॅगिंगच्या धक्क्यावर लावा. तिसरा: भरली, वजनकाट्यावर न्या. चौथा: वजन बरोबर, एक्सचेंज लाइनवर रेल्वेच्या ताब्यात द्या. एका बैठकीत प्रत्येक चिठ्ठी एक किंवा दोन टप्पे पुढे सरकते. अमेरिकेत रूढ असलेल्या चार बाजूंच्या चिठ्ठीचेच हे रूप आहे. फरक इतकाच की तिथे चार बाजूंवर चार गावे असतात, तर आपल्या चिठ्ठीवर एकाच आवारातली चार कामे आहेत, आणि कारखान्याच्या सायडिंगचे वास्तव तसेच असते.

या जोडीला अडचणीच्या पाच-सहा चिठ्ठ्यांची एक वेगळी गड्डी ठेवावी. कोकणचा पाऊस नमुन्यात येतो तो इथे. खत, सिमेंट आणि धान्य भरण्याआधी बंदिस्त वॅगनचे छप्पर आणि दरवाजे तपासतात, आणि पाणी आत येण्याची शक्यता दिसली तर ती वॅगन नाकारतात. खरिपाच्या तोंडावर खताची मागणी वाढते आणि त्याच सुमारास पाऊसही सुरू होतो. तेव्हा जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या बैठकींत ‘दरवाजा गळका, वॅगन नाकारली’ अशा चिठ्ठ्यांची संख्या गड्डीत वाढवा. याशिवाय ‘वजन जास्त, काही पोती उतरवण्यासाठी धक्क्यावर परत न्या’, ‘बॅगिंगचा पट्टा बंद, धक्क्यावरची वॅगन आज भरणार नाही’ आणि ‘रेल्वेचे इंजिन लवकर आले, भरलेल्या वॅगन आधी द्या, नाहीतर डेमरेज (वॅगन अडवून ठेवल्याचा आकार)’ या चिठ्ठ्या पुरेशा आहेत. काल्पनिक अपघात, रुळावरून घसरण असले काही गड्डीत घालू नये. रोजच्या कामातल्या खऱ्या अडचणी याहून कितीतरी रंजक असतात.

एकच गळकी वॅगन किती काम वाढवते, ते प्रत्यक्ष पाहू. एक्सचेंज लाइनवर बफरकडून नेककडे क, ख, ग, घ, च अशा पाच रिकाम्या बीसीएन उभ्या आहेत. धक्क्यावर दोन भरलेल्या वॅगन तयार आहेत आणि टाकीच्या लाइनवर टोकाला एक टाकी-वॅगन आहे. तपासणीत ग नाकारली गेली. आता भरलेल्या दोन्ही बाहेर काढून वजन करून एक्सचेंज लाइनवर द्यायच्या आहेत, चांगल्या रिकाम्यांपैकी तीन धक्क्यावर लावायच्या आहेत आणि ग बाजूला काढायची आहे. इंजिनाने च, घ आणि ग ओढून नेकमध्ये घ्याव्यात. तिन्ही टाकीच्या लाइनकडे ढकलून ग आणि घ तिथे सोडाव्यात. आता ती लाइन भरली. हातात उरलेल्या एकट्या च सह इंजिनाने धक्क्यावर जावे आणि दोन्ही भरलेल्या वॅगन जोडून बाहेर ओढाव्यात. इथे नेकही पूर्ण भरते. काट्यावर वजन झाल्यावर भरलेल्या दोन्ही एक्सचेंज लाइनवर ठेवाव्यात, च धक्क्यावर लावावी, घ टाकीच्या लाइनवरून आणून तिच्याशेजारी लावावी. तिसरी रिकामी मिळवायची तर ख हवी, पण ती आता भरलेल्या दोन वॅगनच्या मागे अडकली आहे. म्हणून त्या दोन्हींसह ख बाहेर काढावी, ख धक्क्यावर सोडावी आणि भरलेल्या दोन्ही पुन्हा एक्सचेंज लाइनवर क शेजारी नेऊन ठेवाव्यात. ग नाकारली गेली नसती, तर याहून बऱ्याच कमी फेऱ्यांत काम झाले असते. काम सुरू करण्यापूर्वी पत्ते फळीच्या कडेवर वॅगनच्या क्रमाने मांडून मनाशी योजना आखायची सवय लावून घ्या. खऱ्या यार्डात शंटिंग जमादारही इंजिनाला इशारा देण्यापूर्वी हाच विचार करतो.

वेगाबद्दल मी आग्रही आहे. भारतीय रेल्वेवर शंटिंगची सर्वसाधारण कमाल गती ताशी १५ किलोमीटर आणि धोकादायक माल असेल तर ताशी ८ किलोमीटर असते. एचओ प्रमाणात ताशी १५ म्हणजे सेकंदाला सुमारे ४८ मिलिमीटर. एक मीटर अंतर कापायला इंजिनाला एकवीस सेकंद लागले पाहिजेत आणि अमोनियाची टाकी जोडलेली असेल तर एकोणचाळीस. फळीच्या कडेला एक मीटरवर दोन खुणा करून घड्याळ लावून पाहा. आपण ज्याला सावकाश म्हणतो ते बहुधा याच्या दुप्पट असते. डीसीसी, म्हणजे इंजिनाला डिजिटल आज्ञा देणारी पद्धत, वापरत असाल तर सीव्ही ३ आणि सीव्ही ४ या सेटिंगमध्ये वेग वाढण्याचा आणि कमी होण्याचा काळ वाढवावा, म्हणजे वजनदार इंजिनासारखी चाल मिळते. जोडणीपूर्वी वॅगनच्या थोडे अलीकडे पूर्ण थांबावे, मग अगदी हळू टेकावे. जोडल्यानंतर पॉइंट्समनला आत जाऊन ब्रेकचा पाइप जोडायला आणि हँडब्रेक सोडायला वेळ लागतो, तेवढे थांबावे. वॅगन सोडतानाही हँडब्रेक बांधून चाकाखाली स्किड (अडसर) लावेपर्यंत इंजिन हलवू नये. टाकी-वॅगन हलवताना इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये एक दुसरी वॅगन राहील, असा नियम आपल्या कारखान्यासाठी करावा. ज्वलनशील माल नेताना मध्ये गार्ड वॅगन ठेवण्याच्या जुन्या पद्धतीचा त्याला आधार आहे आणि त्यामुळे कामाला आणखी एक अट येते.

घरातले दुसरे कोणी सोबत असेल तर कामे वाटून घ्यावीत. एकाकडे कंट्रोलर, दुसऱ्याकडे पत्ते, पॉइंट आणि वॅगन सोडवण्याची काडी. कंट्रोलरवाल्याने स्वतःहून इंजिन हलवायचे नाही. दुसऱ्याने हात सावकाश वर-खाली केला तर त्याच्यापासून दूर जायचे, अंगासमोर आडवा हलवला तर त्याच्याकडे यायचे. हे रेल्वेचे खरे हातसंकेत आहेत आणि मुलांना ते फार लवकर जमतात.

आता यंत्रसामग्रीकडे वळतो, कारण गाडी अडखळली की वास्तवाचा सगळा भास मोडतो, आणि पडवीतली दमट, खारी हवा त्याला नेमकी मदत करते. पॉइंटच्या पात्याने रुळाला टेकून वीज पुढे द्यायची, ही व्यवस्था कोकणात टिकत नाही. टेकण्याच्या जागी ऑक्साइडचा थर बसतो आणि पावसाळ्यात आठवड्याभरात इंजिन पॉइंटवर मरू लागते. फ्रॉगला, म्हणजे पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला, वेगळी वायर देऊन ती पॉइंट फिरवणाऱ्या स्विचमधून घ्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र फीडर (वीज पुरवणारी वायर) जोडा. रूळ निकेल-सिल्व्हरचे असावेत. बैठकीपूर्वी सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पुसावेत. सँडपेपर लावू नये, कारण त्याने पडलेल्या चऱ्यांत घाण अधिक साचते. फळी साध्या प्लायवूडची असेल तर खालची बाजू आणि कडा रंगवून बंद कराव्यात. वॅगनच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. कपलरला, म्हणजे वॅगन एकमेकींना जोडणाऱ्या आकड्याला, तेल मुळीच लावू नये. तेलावर धूळ बसते आणि दमट हवेत त्याचा चिकट लगदा होतो. त्याऐवजी ग्राफाइटची कोरडी पूड वापरावी.

कपलर सर्व वॅगनना एकाच जातीचे आणि एकाच उंचीचे असावेत. केडी या बनावटीसारखे कपलर असतील तर चुंबकाने सुटण्याची सोय त्यांत आहे, पण इतक्या लहान नमुन्यावर मी चुंबक बसवणार नाही. नको तिथे वॅगन सुटण्याचा त्रासच अधिक होतो. बांबूच्या बारीक काडीचे टोक चपटे करून ते दोन कपलरच्या मध्ये घालून किंचित फिरवले की वॅगन सुटते. वजन हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. हलकी वॅगन ढकलताना पॉइंटवर उडते. प्रत्येक वॅगनला एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, असा एचओसाठी रूढ संकेत आहे. त्याप्रमाणे आपली बीसीएन साधारण १२८ ग्रॅमची हवी. बंदिस्त वॅगनमध्ये शिशाचे किंवा पोलादाचे तुकडे मजल्यालगत चिकटवता येतात, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो.

दृश्यभागासाठी फार जागा उरणार नाही आणि त्याची गरजही नाही. मागच्या भिंतीलगत बॅगिंग प्लँटची लांब शेड फक्त दर्शनी बाजूची, म्हणजे दोन-तीन इंच खोलीची करावी. तिच्या पत्र्यावर गंजाचे ओघळ आणि खालच्या भागावर शेवाळाचा हिरवट काळपट रंग द्यावा. कुंपण जांभ्या दगडाचे दाखवावे. बॅलास्ट मात्र काळ्या दगडाचाच ठेवावा. धक्क्याच्या कडेला सांडलेल्या युरियाचा पांढरा पट्टा दाखवला तर बंदिस्त वॅगन भरली जाते आहे हे न सांगता कळते.

शेवटी वॅगनच्या आवक-जावकीचा प्रश्न राहतो, कारण त्याच आठ वॅगन कायम फळीवर फिरत राहिल्या तर चिठ्ठ्या असूनही महिन्याभरात सगळे ओळखीचे होईल. दोन बैठकींच्या मध्ये चौथ्या टप्प्यावर पोहोचलेल्या वॅगन हाताने उचलून खोक्यात ठेवाव्यात आणि त्यांच्या जागी खोक्यातल्या रिकाम्या वॅगन एक्सचेंज लाइनवर पत्ते पिसून येईल त्या क्रमाने मांडाव्यात. रेल्वेचे इंजिन रात्री येऊन रेक बदलून गेले, असे समजावे. आपल्याजवळ दहा वॅगन आहेत, त्यांत आणखी चार-पाच घेता आल्या तर घ्याव्यात. फळीवर मात्र एका वेळी आठच ठेवाव्यात. नाकारलेली वॅगन खोक्यात टाकू नये. तिची चिठ्ठी उलटी करून ती पुढच्या बैठकीपर्यंत टाकीच्या लाइनवर तशीच अडवून ठेवावी, दुरुस्ती होऊन ती पुन्हा तपासणीला येईपर्यंत त्या लाइनवर एक जागा कमी धरूनच काम करावे लागेल.